मॉसला माझी चाहूल लागते

९ जानेवारी
डायरीला आजपासून सुरुवात. एक तारखेला संकल्प करणारे लोक सात तारखेपर्यंत ढेपाळतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. म्हणून मुद्दाम थांबलो. आता विचार पक्का आहे.
डायरी निरोप समारंभात मिळाली. सोबत भिंतीवरचं घड्याळ. चौतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. भाषणात साहेबांनी माझं नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा चुकीचं. हजारो लोकांचे कागद मी उंदरांपासून, वाळवीपासून आणि साहेबांपासून वाचवले. पण त्यातल्या एकाही कागदावर माझं नाव नाही. याचं मला वाईट वाटतं. इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय.
संकल्प: या वर्षात माझं नाव कशावर तरी आलंच पाहिजे.
आजच साडूचं कॅलेंडर आलं. बारा महिने, बारा पक्षी, प्रत्येक पक्ष्याखाली साडूचं नाव. हिने ते लगेच फ्रिजच्या वर लावलं. माझं घड्याळ अजून खोक्यात आहे. साडू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे आणि पक्ष्यांचा नाद लागेपर्यंत आयुष्यात कधी आठच्या आत उठला नव्हता.

१० जानेवारी
छंदाची निवड. शास्त्रशुद्ध पद्धत: यादी करणे, एकेक खोडणे.
पक्षी: साडूने घेतले. तारे: मान दुखते. गाणं: ही नको म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, शेजार टिकवायचा आहे. बागकाम: वाकावं लागतं.
यादीत काही उरलं नाही. उद्या नवी यादी.

११ जानेवारी
बाहेरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालचं भांडं, तुंबला. पाणी घोट्यापर्यंत. (बाहेरची बाथरूम माझी, आतली हिची. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी झालेला तह.) ही म्हणाली, प्लंबरला बोलवा. प्लंबरला तीनदा बोलवावं लागतं आणि तो चौथ्यांदा येतो. स्वतःच बसलो. ट्रॅप उचकटला, साफ केला, परत बसवला, वर पांढरं सिमेंट. एकूण दोन तास दहा मिनिटं.
काम अप्रतिम. पाणी आता क्षणभरही थांबत नाही. कुठे जातं तेही कळत नाही.
एक रबरी रिंग उरली. कंपनी एखादी जास्तीची देत असावी. खिशात ठेवली, वस्तू चांगली आहे.

१२ जानेवारी
आंघोळीची वेळ बदलली. चौतीस वर्षं सहा वाजून पाच मिनिटांनी, चार मिनिटांत उरकली. आता साडेनऊला, पंचवीस मिनिटं, तीन बादल्या. निवृत्तीचा अर्थ आज कळला.

२ फेब्रुवारी
सापडला! छंद सापडला!
दहा वाजता जिना उतरत होतो. आमच्या आणि खालच्या मजल्याच्या मधे खिडकी आहे. सहज बाहेर पाहिलं. पाइपाच्या कडेला, हाताच्या अंतरावर, मागच्या भिंतीवर हिरवा तुकडा. मखमलीचा असावा तसा. तिथे इतकी वर्षं काळपट पापुद्रा होता, हे मला पक्कं आठवतं. आज तोच पापुद्रा हिरवागार.
दुपारी लायब्ररीतून पुस्तक आणलं. याला मॉस म्हणतात. त्याची दोन भावंडं: लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट. एक चपटं पसरणारं, दुसऱ्याला बारीक शिंगं. तिघांनाही फूल नाही, बी नाही, धड मूळही नाही. पाणी सगळ्या अंगाने पितात. पाणी नसलं की मिटून पडून राहतात, वर्षानुवर्षंसुद्धा. कोणी लक्ष देत नाही. पुस्तकात यांना वनस्पतींमधले उभयचर म्हटलं आहे, ना धड पाण्यातले ना धड जमिनीवरचे. ना नोकरीत ना घरात असा मी, मला ते वाचून भरून आलं.
सगळ्यात मोठा गुण: मॉस उडून जात नाही. साडू एका पक्ष्यासाठी चार तास झुडपात बसतो. मी चहा घेऊन, पेपर वाचून, डुलकी काढून गेलो तरी माझं मॉस जागेवर.

५ फेब्रुवारी
साहित्य जमवलं. भिंग (रेकॉर्ड रूममधलं, नजरचुकीने घरी आलेलं). मोजपट्टी, हिची. चिमटा, हिचा, भुवयांचा. यावर जरा बोलणी झाली.
आणि रबरी रिंग! खिडकीतून हात बाहेर काढून रिंग मॉसवर ठेवायची आणि रिंगेच्या आत किती कोंब आहेत ते मोजायचे. रोज एकाच मापाने. ही पद्धत माझी स्वतःची. नाव दिलं: रिंगगणना. आजचे कोंब: ४१.
मॉस जमवणारे लोक नमुना कागदाच्या पाकिटात ठेवतात आणि वर लिहितात: ठिकाण, दिनांक, कशावर उगवलं, गोळा करणारा. म्हणजे विज्ञान कसलं, ही रेकॉर्ड रूमच! माझी निवड निसर्गानेच केली होती, मला कळवायला उशीर केला एवढंच.
पहिलं पाकीट केलं. ‘गोळा करणारा’ समोर संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. बराच वेळ पाहत बसलो.

८ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई वर आल्या. त्यांच्या शिवणाच्या खोलीत भिंतीला ओल धरली आहे, तुमच्याकडे काही गळतंय का काका, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे? परवाच ट्रॅप दुरुस्त केलाय, स्वतःच्या हातांनी.
तरी शेजारधर्म म्हणून पाहायला गेलो. एकच खोली, मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला लागून कापडाची फळी. शाळेच्या बँडचे बत्तीस पांढरे कोट शिवायला आहेत, वीस एप्रिलला द्यायचे. त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. फळीच्या मागे पाहिलं आणि थक्क झालो. भिंतीवर हिरवी लव! घरात!
त्या म्हणाल्या, ओल आहे हो काका. मी म्हटलं, याला ओल म्हणू नका, अधिवास म्हणा. पुसू नका, खरवडू नका, प्लंबर तर मुळीच आणू नका. त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल तसं. मागे त्यांचा हरवलेला दाखला मी ऑफिसात अडीच दिवस शोधून काढला होता, तेव्हापासून माझ्या शब्दाला त्यांच्याकडे वजन आहे.

१७ फेब्रुवारी
महत्त्वाचं निरीक्षण. चार महिने पावसाचा थेंब नाही. तरीही मॉस रोज सकाळी ओलं होतं. पावणेदहापर्यंत कोरडं, दहाला टवटवीत, पानं उघडलेली, टोकांवर थेंब. संध्याकाळपर्यंत मिटलेलं. रोज. घड्याळ लावून घ्यावं असं.
पुस्तकात याचा उल्लेख नाही. पुस्तक अपुरं आहे.
मी आंघोळ करून, कपडे बदलून खाली उतरतो, तेव्हा ते असं तयार असतं की वाट पाहत होतं असं वाटावं.

१९ फेब्रुवारी
भावंडांचा शोध. गच्चीवर टाकीपाशी लिव्हरवर्ट आढळलं. भिंगातून पाहिलं. च्युइंगम होतं. हॉर्नवर्टही आढळलं, शिंगांसकट. झाडूचा तुटलेला ब्रश निघाला. संशोधनात असे दिवस येतात.

२४ फेब्रुवारी
साडूचा फोन. तीन आठवडे दबा धरून एका दुर्मिळ पक्ष्याचा फोटो मिळाला म्हणे. मी म्हटलं, मी माझा नमुना रोज पाहतो. कसला, म्हणाला. सांगितलं. म्हणाला, म्हणजे शेवाळ? मी म्हटलं, मॉस. तो म्हणाला, तेच ते, साडूभाऊ, जपून, पाय घसरेल. मागून मेहुणीच्या हसण्याचा आवाज आला.
संकल्प: हे मॉस नव्या जातीचं आहे हे सिद्ध करायचं. नव्या जातीला शोधणाऱ्याचं नाव देतात. पक्ष्याच्या खाली नाव छापणं वेगळं आणि जातीलाच नाव असणं वेगळं.
रिंगगणना: ६७.

२ मार्च
सोसायटी मागची भिंत रंगवणार होती. सेक्रेटरींना तीन पानी अर्ज दिला की शास्त्रीय कारणास्तव रंगकाम पुढे ढकलावं. सेक्रेटरींनी पहिली ओळ वाचून लगेच मंजूर केला. असा द्रष्टा माणूस विरळा. ही म्हणते, त्यांना रंगारी शोधायचा कंटाळा होता.

१० मार्च
साडूच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, म्हणून चार दिवस त्यांच्याकडे राहावं लागलं. फोटो ठीक होते. एका पक्ष्याची शेपूट कापली गेली होती, मी ते सगळ्यांना दाखवून दिलं.
आज परत आलो. बॅगसुद्धा न ठेवता खिडकीपाशी गेलो. मॉस सुकलेलं. तपकिरी, मिटलेलं, आकसून गेलेलं. चार दिवसांत असं?

११ मार्च
आज आंघोळ करून दहाला खाली गेलो. हिरवंगार! सगळं पूर्ववत! थेंब चमकतायत!
निष्कर्ष एकच निघतो. मॉसला माझी चाहूल लागते. मी घरात असलो की ते जगतं, नसलो की झुरतं. जगात कोणाच्या लक्षात आलं नसेल, कारण मॉसजवळ इतका नियमित कोण बसलाय?
हिला सांगितलं. म्हणाली, आमचं उलट आहे, तुम्ही बाहेर गेलात की घर टवटवीत होतं.

१५ मार्च
सर्दी. आंघोळ केली नाही, अंथरुणातच होतो. दुपारी बाराला कसाबसा जिना उतरलो. मॉस दिवसभर कोरडं! म्हणजे त्याला माझी तब्येतही कळते. हा आता केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

२२ मार्च
कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमना चार पाकिटं पाठवली. सोबत पत्र: जात नवी असल्यास कृपया कळवावे, नामकरणाबाबत माझा काही आग्रह नाही, तरी सोयीसाठी माझं नाव, आडनाव आणि दोन्ही मिळून होणारी रूपं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

३१ मार्च
टेलरबाईंकडे साप्ताहिक पाहणी. भिंतीवरचा अधिवास आता फळीच्या वर आला आहे. उत्तम प्रगती.
बाईंनी कापडाचे गठ्ठे फळीवरून उचलून पलंगावर ठेवलेत. स्वतः खाली सतरंजीवर झोपतात. नवव्या कोटाच्या पाठीवर हिरवट डाग आला आहे, तो त्यांनी मला दाखवला. धुऊन जाईल का, विचारत होत्या. मी नमुना म्हणून डागाची नोंद घेतली. त्या म्हणाल्या, काका, आता पुसू का भिंत? मी म्हटलं, तेरा एप्रिलला मी सोसायटीत सभा भरवतोय, तोवर थांबा, मॉसवर निबंध वाचतोय, तुमच्या भिंतीचं नाव होईल. त्या बरं म्हणाल्या. चहा दिला. कप ठेवायला खोलीत जागा नव्हती, म्हणून मी तो हातातच धरून प्यायलो.
घरी आल्यावर पोटात कालवल्यासारखं झालं. ॲसिडिटी असावी.

६ एप्रिल
मॅडमचं उत्तर आलं. दोन ओळी. हे जगातल्या अत्यंत सामान्य मॉसपैकी एक असून ओल्या भिंतीवर कुठेही आढळतं. पाऊस नसताना रोज पाणी मिळत असेल तर पाइप तपासावा.
मोठ्या पदावरच्या लोकांना नवं काही पचत नाही. तरी पाइप तपासण्याची सूचना उपयुक्त होती. भिंगाने तपासला. पाइपावरही मॉस आहे! मॅडमना ही जादा माहिती कळवली.

१० एप्रिल
निबंध पूर्ण. शीर्षक: ‘मानवी सान्निध्य आणि मॉस: सकाळी दहाची घटना’. एकोणीस पानं, तीन तक्ते, एक आलेख. अकरा जानेवारीला सिमेंट आणायला खाली गेलो तेव्हा पापुद्रा काळपटच होता, म्हणजे वाढ त्यानंतरचीच, हेही आलेखात स्पष्ट दाखवलं आहे. साडूला आमंत्रण दिलं, सहकुटुंब.
हिला वाचायला दिला. ही शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होती, हातात लाल पेन्सिल. निबंध शेवटपर्यंत वाचला, एकही खूण केली नाही. एकच प्रश्न विचारला: दहाला खाली जाता, त्याआधी काय करता? म्हटलं, आंघोळ. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. बहुधा अभिमानाने. मग म्हणाली, सभेचं बोलावणं मी करते, एकदोन जाणकार माणसंही बोलावते.
तेहतीस वर्षांत ही पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतेय.

१३ एप्रिल, संध्याकाळी सात
लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो. नोंद ती नोंद.
सभा खाली पार्किंगमध्ये. हजर: एकवीस. साडू पहिल्या रांगेत, गळ्यात कॅमेरा. मेहुणी. टेलरबाई. मागे प्लंबर उभा. हिने बोलावलेला जाणकार तो.
निबंध वाचला. चाहुलीचा भाग दोनदा वाचला. मग उपकरणांचं प्रात्यक्षिक: भिंग, चिमटा, मोजपट्टी. शेवटी रिंग वर धरली आणि रिंगगणना समजावली.
प्लंबरने मागून हात वर केला. म्हणाला, साहेब, ही रिंग कुठली? मी म्हटलं, नहाणी ट्रॅपची, जास्तीची आलेली. तो म्हणाला, ट्रॅपची रिंग जास्तीची येत नाही साहेब, एकच असते, सांधा गळू नये म्हणून. मग म्हणाला, आंघोळ किती वाजता करता? मी साडेनऊ म्हणालो. त्याने माझाच आलेख उचलला, अकरा जानेवारीवर बोट ठेवलं आणि विचारलं, या दिवशी काय केलं होतं?
मी तक्ते गोळा करू लागलो. हिने सांगितलं.
प्लंबर म्हणाला, खात्री करून घेऊ. टेलरबाईंनी पांढऱ्या कोटांसाठी ठेवलेली नीळ दिली. बादलीत नीळ कालवून ती आमच्या बाथरूममध्ये ओतली गेली. सगळी सभा जिन्याच्या खिडकीपाशी आणि पायऱ्यांवर गोळा झाली. मला पुढे जागा दिली, विषय माझा म्हणून. बारा मिनिटांनी मॉसचं टोक ओलं झालं. पानं उघडली. तेराव्या मिनिटाला थेंब आला, निळा.
टाळ्या झाल्या. साडूने फोटो काढला. वेळा मी सवयीने लिहून घेतल्या आहेत.
टेलरबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्या शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, काका, म्हणजे माझ्या भिंतीत रोज तुमच्या आंघोळीचं पाणी येत होतं का? रागाने नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन महिने ती बाई माझ्या शब्दावर थांबली, सतरंजीवर झोपली आणि मी तिच्या घरी चहा पिऊन डागाची नोंद घेत होतो.
मला लाज वाटली. ती ॲसिडिटी नव्हती.

१४ एप्रिल
सकाळी टेलरबाईंचं मशीन, गठ्ठे, कोट सगळं आमच्या हॉलमध्ये आणलं. मशीन मीच उचललं, कंबर गेली. बाई नको नको म्हणत होत्या. हिने त्यांना हाताला धरून बसवलं आणि चहा ठेवला. घड्याळ खोक्यातून काढून हॉलमध्ये लावलं, बाईंना वेळ दिसावी म्हणून.
डागाळलेले कोट पाच. ही धुते, मी पिळतो, गच्चीवर वाळत घालतो. डाग चार कोटांचे गेले. नवव्याची पाठ बाई बदलणार आहेत.

१७ एप्रिल
मला बटणं लावायला दिली. हिने शिकवलं. पहिली सहा बटणं हिने उसवली. बत्तीस कोट, प्रत्येकी आठ, एकूण दोनशे छप्पन. आज एकशे चार झाली. कोंब मोजायचा सराव कामाला येतो. बाई म्हणाल्या, काकांचा टाका एकसारखा आहे. हे वाक्य इथे लिहून ठेवतो.

१९ एप्रिल
सगळी बटणं लावून झाली. डबीत एक उरलं. दुकानदाराने जास्तीचं दिलं असेल, असं म्हणत खिशात टाकलं आणि लगेच परत बाहेर काढलं. बत्तीसच्या बत्तीस कोट पुन्हा उघडून तपासले. एकोणिसाव्या कोटाला सात बटणं. आठवं लावलं. ही दारातून पाहत होती. जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली.

२० एप्रिल
कोट वेळेवर गेले. शाळेने पुढच्या वर्षीचंही काम बाईंनाच सांगितलं. हे मी साडूला फोन करून कळवलं. त्याला त्यात काय कळवायचं ते समजलं नाही.

२२ एप्रिल
बाहेरची बाथरूम खोदली. सिमेंट फोडल्यावर प्लंबर म्हणाला, सांधा नुसता एकावर एक ठेवला होता, साहेब. जुनी रिंग त्याने परत दिली. म्हणाला, मी नवी घालतो, ही विज्ञानाला ठेवा.
सध्या हिच्या बाथरूममध्ये आंघोळ करतो. मिळालेली वेळ: सहा वाजून पाच मिनिटं. मिळालेला अवधी: चार मिनिटं.
सेक्रेटरींनी निबंध मागून नेला. म्हणाले, गळतीचा इतका बारकाईने लिहिलेला तारीखवार पुरावा सोसायटीत आजवर कोणी दिला नाही. प्लंबरने एक झेरॉक्स घेतली, गिऱ्हाइकांना दाखवायला. चौतीस वर्षांत माझ्या नावाचा कागद पहिल्यांदा फायलीत गेला. फायलीवर लिहिलंय: ‘गळती’.

२६ एप्रिल
मागची भिंत खरवडली. मी घरात बसून राहिलो, आवाज ऐकू येत होता.
दुपारी टेलरबाई आल्या. हातात एक पाकीट, कटिंगच्या खाकी कागदाचं, कडा शिवलेल्या. रंगाऱ्याला थांबवून त्यांनी मॉसचा मोठा तुकडा अलगद काढून घेतला होता. पाकिटावर त्यांच्या अक्षरात: ठिकाण, दिनांक, कशावर उगवलं. गोळा करणारा ही जागा मोकळी. म्हणाल्या, ती तुम्ही भरा काका. माझे डोळे भरून आले. तसं स्पष्ट लिहितो, आता सर्दी नाही.
मोकळ्या जागेत नाव मी उद्या लिहीन. शांतपणे, चांगल्या पेनाने. तोवर मॉस बाल्कनीत बशीत ठेवलं, वर थोडं पाणी शिंपडलं. दहा मिनिटांत हिरवं झालं. यात माझ्या चाहुलीचा काही संबंध नाही. थोडा असू शकेल.

३ मे
नाव लिहायचं राहून गेलं. पेनातली शाई संपली होती, मग पेन सापडेना.
साडू आला होता, मेहुणीसह. बाल्कनीत खुर्ची टाकून बसला. मी त्याला बशीतलं मॉस दाखवणार, तेवढ्यात त्याने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि कॅमेरा उचलला. एक लहानसा पक्षी कठड्यावर आला, बशीत उतरला, माझ्या मॉसचा लचका तोडला आणि गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. मी हाकलायला उठलो तर ही म्हणाली, बसा, त्याचं घरटं चाललंय. साडू श्वास रोखून फोटो काढत होता. अर्ध्या तासात बशी स्वच्छ झाली.
साडू म्हणाला, साडूभाऊ, तुमच्याकडे काय सुंदर पक्षी येतात हो! एवढी वर्षं बोलला नाहीत.
पाकीट रिकामं आहे. ते पाकिटांच्या डब्यात ठेवलं.

३१ डिसेंबर
साडूचं नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. हिने ते फ्रिजच्या वर लावायला घेतलं आणि मला हाक मारली. मे महिन्याचं पान: आमचा कठडा, वर तो लहानसा पक्षी, चोचीत माझं मॉस. त्याचं प्रत्येक पान उघडं, एकेक थेंब दिसतोय. इतकं स्पष्ट मॉस मला भिंगातूनही दिसलं नव्हतं. खाली छापलंय: ‘घरट्यासाठी काडीकचरा नेताना’. त्याखाली साडूचं नाव.
ही म्हणाली, कळवा त्याला, दुरुस्त करून घेईल. मी म्हटलं, छापून झालंय, आता राहू दे.
ही शाळेत गेल्यावर खुर्चीवर चढलो. रिंग आणली, चोचीवर ठेवली, रिंगगणना केली. कोंब: १४. मग टेलरबाईंचं खाकी पाकीट काढलं, ते मोकळंच पडून होतं. त्यात काय ठेवायचं ते कळेना, तरी राहिलेली जागा भरून टाकली, कारण अर्धवट नोंद मला बघवत नाही. गोळा करणारा: पक्षी, लहान, तपकिरी, शेपूट आखूड.
नाव साडूला विचारावं लागेल.